वाचक विचारतात : अंगणातले आवाज आणि लहानग्यांचं गाणं

तीन ते सात वर्षांच्या मुलांना बाहेरच्या आवाजांमधून संगीताकडे कसं न्यावं, याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांत अडचण एकच आहे : मुलांना बाहेर नेलं, आवाज ऐकवले, मजाही आली, पण यात संगीत कुठे आलं? आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ऐकलेला आवाज मुलाने स्वतःच्या तोंडाने किंवा हाताने पुन्हा काढला आणि दुसऱ्या वेळीही तसाच काढता आला, की संगीत सुरू झालं. तोवर ती सहल.

माझ्याकडे साडेतीन ते पाच वर्षांची २२ मुलं आहेत. आवाज ऐकायला बाहेर नेलं की धावतात, ओरडतात. ‘डोळे मिटा आणि ऐका’ म्हटलं तर एकदोघं रडतात आणि बाकीची डोळे किलकिले करून एकमेकांना चिमटे काढतात. काय चुकतं?
— अंगणवाडी सेविका, कुडाळ तालुका

मुलांचं काही चुकत नाही, क्रम चुकतो आहे. दाराबाहेर पाऊल पडलं की या वयाला आधी पळायचं असतं. पहिली पाच मिनिटं त्यांची त्यांना देऊन टाका. दमलेलं मूल आपणहून खाली बसतं, आणि मग ते ऐकतं.

सगळ्यांना एकदम नेऊ नका. ८ ते १० जणांचा गट करा आणि बाकीची मुलं मदतनीसताईंकडे ठेवा. एकूण वेळ १५ मिनिटं, थांबे तीनच, आणि तेही आदल्या दिवशी तुम्ही स्वतः जाऊन ऐकून ठेवलेले : एखादा माडाखाली, एखादा गोठ्याच्या कडेला, एखादा पाणंदीच्या तोंडाशी. प्रत्येक थांब्यावर काथ्याच्या दोरीचा गोल टाका. मुलांनी दोरीवर बसायचं, पण तोंडं बाहेरच्या बाजूला. एकमेकांचे चेहरे दिसले नाहीत की चिमटे आणि खिदळणं आपोआप थांबतं आणि डोळे मिटायची गरजच राहत नाही. चार वर्षांच्या मुलाला डोळे मिटून, कुठून काय येईल ते न कळता बसणं भीतीचं वाटतं. ते रडतात ते उगाच नाही.

आता मुठी मिटायला सांगा. नवा आवाज आला की एक बोट उघडायचं. साडेतीन वर्षांच्या मुलांना ३० सेकंद, पाच वर्षांच्यांना एक मिनिट. याहून जास्त ताणलं की बोटं आवाजाशिवायच उघडायला लागतात. वेळ संपल्यावर ‘कशाचा आवाज होता?’ असं विचारायचा मोह टाळा. ‘गाय’, ‘मोटरसायकल’, ‘कोंबडा’ अशी नावं मिळाली की ऐकण्याचं काम तिथेच संपतं. ‘कसा होता? करून दाखव’ असं म्हणा. नाव कुणी सांगितलंच तर सांगू दे, पण आवाज काढून झाल्याशिवाय दोरी उचलायची नाही.

परत आल्यावर दहा मिनिटांच्या आत त्यातले तीन आवाज निवडा. ते उद्यावर टाकलं तर फक्त नावं उरतात, आवाज विसरतात. ओटीवर एक दगड, एक पान आणि एक काडी मांडा. दगड म्हणजे गाईचं हंबरणं, पान म्हणजे वाळक्या पाचोळ्याची सळसळ, काडी म्हणजे सायकलची घंटी. बोट ज्याच्यावर पडेल तो आवाज सगळ्यांनी काढायचा : दगड, दगड, पान, दगड, दगड, काडी. ही त्यांची पहिली स्वरलिपी. दोन दिवसांनी बोट ठेवायचं काम मुलांकडे द्या. इथे दोन गोष्टी बिघडतात : वस्तू तीनाच्या वर गेल्या तर खुणा लक्षात राहत नाहीत, आणि बोट फार सावकाश फिरलं तर लय लागत नाही.

पावसाळा सोडून इतर दिवसांत एक थांबा अनवाणी चालण्याचा ठेवा. वाळू, जांभ्याची खडी, वाळकी पानं, शेणाने सारवलेली जमीन, प्रत्येकीवर पावलाचा आवाज वेगळा येतो आणि तो मुलाने स्वतः काढलेला असतो. खडीत काचा नाहीत ना, एवढं आधी पाहून घ्या.

अंगणवाडी हा शब्द अंगणातूनच आला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे काम कोसबाडला नेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा पाड्यावरच्या अंगणात गेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा निघाली. गोठ्याच्या कडेला वर्ग घेताना कुणी नाक मुरडलं तर हे जरूर सांगा.

मुलगी पाच वर्षांची आहे. ‘वरच्या आवाजात म्हण’ म्हटलं की ओरडते, ‘खालच्या आवाजात’ म्हटलं की कुजबुजते. पेटीवर दाखवलं तरी तेच. तिला सुरांचा कान नाही का?
— एक आई, पुणे

कान आहे. गोंधळ आपल्या बोलण्यात आहे आणि ती तो प्रामाणिकपणे पाळते आहे. टीव्हीचा ‘आवाज खाली कर’ म्हणजे जोर कमी कर. ‘आवाज चढवू नकोस’ म्हणजे ओरडू नकोस. ‘हळू बोल’ आणि ‘हळू चाल’ यांत ‘हळू’ एकच, पण पहिल्यात जोर कमी करायचा असतो, दुसऱ्यात वेग. ‘बारीक आवाज’ उंदराचाही असतो आणि दुरून येणाऱ्या हाकेचाही. पाच वर्षं हे ऐकलेल्या मुलीने ‘वर’ म्हणजे ‘जोरात’ असं धरलं, तर ते बरोबरच आहे.

उपाय असा की घरात आणि वर्गात तीन जोड्या पक्क्या करायच्या आणि त्या कधीही मिसळायच्या नाहीत. जोरासाठी ‘जोरात’ आणि ‘हलका’. वेगासाठी ‘भरभर’ आणि ‘सावकाश’. सुरासाठी ‘वरचा’ आणि ‘खालचा’, तेही नेहमी हाताने दाखवून : खालचा सूर पोटाशी, वरचा कपाळाशी. ‘हळू’ हा शब्द संगीताच्या वेळेपुरता बाजूला ठेवा.

मग अंगणातल्या नळाखाली कळशी लावा. अरुंद गळ्याचीच हवी, तांब्याची किंवा स्टीलची. बादली चालत नाही. तिचं तोंड इतकं रुंद असतं की पाणी पडण्याचा खळखळाटच मोठा होतो आणि सूर असा ऐकूच येत नाही. नळ अर्धा सोडा. पाणी चढत जाईल तशी कळशीतली हवेची जागा कमी होते आणि आवाज वर-वर सरकतो. पोटात असेपर्यंत सावकाश, गळ्याशी आल्यावर झपाट्याने. मुलीने पाठमोरं उभं राहायचं, आवाजाबरोबर हात पोटापासून वर न्यायचा आणि कळशी भरत आली असं वाटलं की ‘बंद!’ म्हणायचं. पाणी बाहेर न सांडता तिने तीनदा बरोबर सांगितलं, तर तिच्या कानाबद्दल शंका उरणार नाही. पाणी झाडांना घाला आणि पुन्हा लावा. या खेळात सूर वर जातो पण जोर वाढत नाही, म्हणूनच तो दोन्ही गोष्टी वेगळ्या करून दाखवतो.

ऐकून झालं की गळ्यात आणायचं. घसरगुंडीच्या पायऱ्या चढताना ‘ऊऽ’ असा आवाज वर न्यायचा, घसरताना सलग खाली सोडायचा. आधी असा सरकता सूर, नंतर पायरीपायरीने. बरीच मुलं फक्त बोलण्याच्या जागेतून गातात, त्यामुळे वरचा सूर त्यांना ओरडल्याशिवाय सापडत नाही; सरकत गेलं की गळा आपोआप मोकळा होतो. शेवटी चार कामं द्या : जवळची म्हैस (खालचा, जोरात), लांबची म्हैस (खालचा, हलका), जवळची चिमणी (वरचा, जोरात), लांबची चिमणी (वरचा, हलका). लांबची म्हैस सगळ्यांत अवघड जाते. ती जमली की हा प्रश्न सुटला.

बाटल्यांत कमीजास्त पाणी भरून नातवाला जलतरंग करून दिला. जास्त पाण्याची बाटली चमच्याने वाजवली तर खालचा सूर येतो, फुंकली तर वरचा. माझं काही चुकतंय का?
— एक आजोबा, नाशिक

नाही, दोन्ही बरोबर आहे. चमचा मारला की काच आणि पाणी मिळून कापतात; पाणी जास्त म्हणजे भार जास्त, कंप सावकाश, सूर खाली. फुंकलं की पाण्यावरची हवा कापते. पाणी जास्त म्हणजे हवा कमी, सूर वर. लहान मुलाला दोन्ही एकाच दिवशी दाखवू नका. आधी चमचा, आणि तो लाकडी, म्हणजे काच तडकत नाही. बाटल्या एकाच कंपनीच्या आणि एकाच मापाच्या घ्या. तीन पुरेत : रिकामी, अर्धी, भरलेली. फुंकणं सहा वर्षांच्या आत बहुतेकांना जमत नाही. ओठ बाटलीच्या काठावर टेकवून समोरच्या काठाकडे फुंकायचं असतं, आणि मुलं थेट आत फुंकतात.

पक्ष्यांच्या आवाजातून लय आणि सूर शिकवता येतील का? आमच्या शाळेच्या आवारात कडुनिंब, पिंपळ आणि आंब्याची मोठी झाडं आहेत.
— बालवाडी शिक्षिका, नागपूर

येतील, आणि त्यासाठी फेब्रुवारी ते जून हा काळ उत्तम. तुमच्याकडचा उन्हाळा पाहता सकाळी ६:३० ते ८ ही वेळ धरा.

लयीसाठी तांबट. त्याचं ‘टुक्, टुक्, टुक्’ एकाच सुरात आणि एकसारख्या अंतराने चालतं, मिनिटाला साधारण ११० ते १२० ठोके. मुलांच्या लयीचा वर्ग मोठी माणसं नेमकी इथेच बिघडवतात. आपण मोठ्यांच्या सवयीने मिनिटाला ६०–७० टाळ्या लावतो आणि मुलं पुढे पळतात म्हणून त्यांना दटावतो. चार वर्षांच्या मुलाची स्वाभाविक गती मिनिटाला १२० ते १५० च्या घरात असते. त्याची पावलं मोजून पाहा. तांबटाची गती त्याच्या जवळची आहे. झाडाखाली उभं राहून त्याच्या ठोक्याबरोबर आधी मांडीवर हात, मग दोन दगड एकमेकांवर, मग चाल. तांबट मध्येच थांबतो. तो थांबल्यावर मुलांनी ठोका तसाच चालू ठेवायचा, तो पुन्हा बोलला की जुळतोय का ते पाहायचं. हाच खरा व्यायाम, कारण आता लय झाडावरून येत नाही, मुलांच्या अंगात राहावी लागते.

सुरासाठी कोकिळ. नर ‘कुऊ’ म्हणताना प्रत्येक हाक खालून वर उचलतो आणि पुढची हाक आधीच्या हाकेपेक्षा वर नेतो, मग एकदम थांबून पुन्हा खालून सुरू करतो. मुलांनी हात एकेक पायरी वर न्यायचा. चौथ्या-पाचव्या हाकेनंतर गळा पुरत नाही. तिथे कोकिळासारखंच थांबायचं, ताणायचं नाही. पावशाही असाच चढत जातो, पण त्याच्या हाकेत शब्द बसतात, ‘पेरते व्हा’, म्हणून तो मुलांना आधी साधतो. खालच्या सुरासाठी भारद्वाजाची घुमणारी ‘कूप्-कूप्-कूप्’ घ्या. एका गटाने भारद्वाज, दुसऱ्याने तांबट : एक घुमता आणि खालचा, एक टणक आणि वरचा. दोन्ही एकत्र वाजायला लागले की मुलांचे चेहरे बघा.

मोबाइलवरून पक्षी वाजवून शिकवू नका. छोट्या स्पीकरमधून भारद्वाजाचा खालचा भाग नीट येत नाही, आणि विणीच्या काळात रेकॉर्डिंग वाजवलं तर खरा नर ते आव्हान समजून अस्वस्थ होतो.

बांबूच्या नळ्या जमिनीवर आपटून सूर काढतात, तशा शाळेत करायच्या आहेत. आम्ही कापल्या, पण सगळ्या बेसूर आल्या. मापं मिळतील का?
— प्राथमिक शिक्षक, रायगड जिल्हा

मिळतील. आधी बेसूर होण्याचं कारण सांगतो. नळी खालून बंद आणि वरून उघडी असते. सूर ठरतो आतल्या हवेच्या लांबीवर. बहुतेक जण बांबूची बाहेरची लांबी मोजतात. खालची गाठ टोकापासून कुठे एक, कुठे तीन सेंटिमीटर आत असते, तेवढा फरक पडला की सूर गेलाच. मोजायचं ते वरच्या काठापासून आतल्या गाठीपर्यंत, काडी आत घालून.

दुसरी गोष्ट, हवेचा कंप उघड्या तोंडाच्या किंचित बाहेर जातो. त्यामुळे ठरलेल्या लांबीतून आतल्या व्यासाचा सुमारे तीन दशांश वजा करायचा. आतला व्यास ४ सेंमी असेल तर १.२ सेंमी.

भूप रागाचे पाच सूर आणि तार (वरचा) सा धरला, तर हवेची लांबी अशी येते : सा ६०, रे ५३.३, ग ४८, प ४०, ध ३६, तार सा ३० सेंमी. प्रत्येकीतून १.२ वजा केले की आतून मोजायची मापं : ५८.८, ५२.१, ४६.८, ३८.८, ३४.८ आणि २८.८. सुमारे ३० अंश तापमानाला हा सा पांढरी दोनच्या (पेटीवरच्या सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या कळीच्या) आसपास, खालच्या सप्तकात पडतो. मुलं एक सप्तक वर गातील आणि ते त्यांच्या गळ्याला बरोबर बसेल. भूप मुद्दाम घेतला आहे. त्यात म आणि नी नाहीत, त्यामुळे मुलांनी कोणत्याही दोन नळ्या एकत्र आपटल्या तरी कानाला खुपत नाही.

बांबू वाळलेला घ्या, कापून निदान दोन-तीन महिने सावलीत ठेवलेला. ओला बांबू आकसतो, तडकतो, आणि आज लावलेला सूर महिन्याने बदलतो. आतला व्यास साडेतीन ते साडेचार सेंमी असावा. ६० सेंमीच्या नळीत मधली एखाददुसरी गाठ येणारच; वरून लोखंडी सळई ठोकून ती पूर्ण फोडा आणि भोक कानशीने रुंद करा. अर्धवट फुटलेली गाठ राहिली तर सूर दबतो. सगळ्यांत खालची गाठ मात्र शाबूत हवी. तिला बारीक चीर असली तरी नळी ‘फस्’ करते. अशी चीर फेविकॉल आणि लाकडाच्या भुशाने बुजते. बांबू मिळत नसेल तर दीड इंची पीव्हीसी पाइप आणि त्याची टोपणं घ्या. सूर पक्का लागतो, आवाज थोडा कोरडा येतो.

कापताना प्रत्येक नळी मापापेक्षा १ सेंमी लांब ठेवा, पेटीशी किंवा मोबाइलच्या ट्यूनरशी ताडा, आणि कानशीने घासत मापावर या. लांब नळीवर ३ मिलिमीटर घासले तर सूर जेमतेम हलतो. ३० सेंमीच्या नळीवर तेवढ्यानेच दुप्पट हलतो, म्हणून आखूड नळ्यांना हात जपून लावा. चुकून जास्त कापली गेलीच तर तोंडाभोवती जाड कागदाची पट्टी चिकटटेपने बसवा, काठ वर वाढवा. थंडीच्या सकाळी सगळ्या नळ्या थोड्या उतरतील. एकमेकींशी त्या जुळलेल्याच राहतात, फक्त पेटीशी जुळणार नाहीत, म्हणून अशा दिवशी पेटी बंद ठेवा. काठ पॉलिश पेपरने घासून वरून कापडी टेप गुंडाळा, नाहीतर कुसळं हातात जातात.

जमीन कशी आहे यावर निम्मा आवाज ठरतो. वाळूवर आणि भुसभुशीत मातीवर नळी मुकी होते. शहाबादी फरशीवर आवाज फुटका येतो आणि गाठही तडकते. चोपलेली माती चांगली; फरशीच असेल तर दुहेरी घडी घातलेली जुनी सतरंजी टाका. नळी वरच्या बाजूला सैल धरायची, १० सेंमी उचलायची, आणि जवळजवळ तिच्या वजनानेच सरळ पडू द्यायची. मुलं जोर लावून आपटतात तेव्हा ‘ठप्प’ आवाज येतो आणि सूर गायब होतो. हे सांगून कळत नाही. एकदा जोरात, एकदा सैल असं दोन्ही करायला लावा, ती स्वतःच ठरवतात.

सुरुवात दोनच नळ्यांनी करा, सा आणि प. सा-वाली मुलं प्रत्येक पावलाला, प-वाली एक सोडून एक. ते पाच मिनिटं न अडखळता चाललं की ग आणा. सहाही नळ्या पहिल्याच दिवशी वाटल्या तर गोंगाट होतो, आणि दोष बांबूला दिला जातो.

खुळखुळ्यांसाठी आवारातल्या शेंगा-बिया वापरतो. काय टाळावं?
— शिक्षिका, भोर तालुका

शिरीषाच्या आणि गुलमोहराच्या वाळक्या शेंगा जशाच्या तशा खुळखुळतात, काही करावं लागत नाही. बहाव्याची काळी शेंगही वाजते, पण तिचा गर रेचक आहे. फुटलेली शेंग मुलांच्या हाती नको.

गुंज कधीही नाही. लाल-काळी, गुळगुळीत, मुलांना हमखास आवडणारी. पण तिचं कवच फुटून ती चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. एरंड, कण्हेर, धोतरा यांच्या बियाही वर्ज्य. कुंपणावर खाजकुइली असेल तर फेरीचा रस्ताच बदला. तिची कुसळं वाऱ्यानेही अंगावर येतात.

बाटलीतल्या खुळखुळ्यात २०० मिलिलिटरला पाचव्या हिश्श्याएवढंच भरा. अर्ध्याच्या वर गेलं की दाण्यांना पळायला जागा उरत नाही आणि आवाज बसतो. झाकण गोंदाने चिकटवून वर टेप लावा आणि दर आठवड्याला तपासा. तीन वर्षांच्या आतलं भावंड घरी असेल तर दाण्यांचा खुळखुळा घरी पाठवू नका. खेळ असा : वाळू, चिंचोके आणि बारीक खडे, प्रत्येकाच्या दोन बाटल्या, वरून सारखाच कागद लावलेला. कानाने जोड्या लावायच्या. मॉन्टेसरी वर्गातल्या ध्वनिपेट्यांचंच हे अंगणातलं रूप आहे. फरक इतकाच, की इथे भरलेली वस्तू मुलांनी स्वतः वेचलेली असते.

आमच्या सोसायटीबाहेर फक्त ट्रॅफिक ऐकू येतं. झाडं नाहीत, पक्षी म्हणजे कबुतरं. इथे काय ऐकवायचं?
— एक आई, ठाणे

ट्रॅफिकच ऐकवा. कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर (१९३३–२०२१) यांनी परिसरातले आवाज अभ्यासताना एक उपयोगी भेद केला : सतत मागे चालणारा आवाज वेगळा आणि त्यातून उठून येणारा वेगळा. आपल्या गाण्याच्या भाषेत पहिला तंबोरा, दुसरा त्यावरची हरकत, म्हणजे मध्येच घेतलेली छोटी सुरावट. गच्चीवर उभं राहा. दूरच्या रस्त्याची घरघर हा तंबोरा. मुलाने ती ‘ऊं’ करून धरायची. त्यावर हॉर्न, कुकरची शिट्टी, लिफ्टची घंटी आली की तुम्ही ती काढायची. मग अदलाबदल. एकाने सूर धरून ठेवणं आणि दुसऱ्याने त्यावर काहीतरी करणं ही आपल्या गाण्याची बैठकच आहे.

फेरीवाल्यांच्या हाळ्या ऐका. भंगारवाला, भाजीवाला, मासेवाली, प्रत्येकाची चाल ठरलेली असते, बहुधा दोन-तीन सुरांची, शेवटचं अक्षर लांबवलेलं. रोज त्याच सुरात येत असल्याने ती आपोआप पाठ होते. मुलाला विचारा : शेवट वर जातो की खाली येतो? मग त्याच चालीवर त्याच्या आवडीची वस्तू विकायला लावा.

प्रतिध्वनीसाठी मोकळं मैदान आणि एक उंच भिंत हवी. १७ मीटरच्या आत टाळी आणि तिचा प्रतिध्वनी एकजीव होतात, कारण आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो आणि जाऊन यायला सेकंदाचा दहावा भागच लागतो. ३५-४० मीटरवर उभं राहा. परत आलेली टाळी स्वच्छ वेगळी ऐकू येते. टाळी कोरडी आणि एकच. मुलं लगेच दुसरी वाजवतात, तेव्हा ‘भिंत बोलेपर्यंत थांब’ एवढंच सांगा. एका टाळीनंतर गप्प राहणं हीसुद्धा मात्रा आहे.

वेळ रविवारी सकाळी ६:३० ची निवडा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि शाळा-रुग्णालयांभोवतीचं १०० मीटरपर्यंतचं क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतं. बालवाडीबाहेर दिवसभर हॉर्न वाजत असतील तर पालकांनी एकत्र येऊन त्याची मागणी जरूर करावी. सतत आवाजात वाढणाऱ्या मुलाला हलका आवाज ऐकायची संधीच मिळत नाही.

पावसाळ्यात बाहेर जाता येत नाही. नातवाला घुमटासारखं (आमच्याकडचं कातड्याने मढवलेलं मातीचं वाद्य) काही करून देता येईल का?
— एक आजी, फोंडा, गोवा

पावसात बाहेर जायचं नसतं, पडवीत बसायचं असतं. पागोळ्यांखाली ओळीने पत्र्याचा डबा, उलटी करवंटी, केळीचं पान आणि अळूचं पान मांडा. कुठला थेंब कुठे पडला ते न बघता ओळखायचं. करवंटी आणि डबा एकमेकांपासून निदान हातभर लांब ठेवा, नाहीतर आवाज मिसळतात.

घुमटाचं तोंड पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवत. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झालं, आता बकरीचं कातडं वापरतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान दिला. नातवासाठी ८ ते १० सेंमी तोंडाचं लहान मडकं घ्या. खाकी कागदाचे तीन थर मैद्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवा, मडक्याच्या तोंडावर ताणून बसवा, काठ सुतळीने आवळा आणि दोन दिवस वाळू द्या. कागद वाळताना आकसतो आणि ताठ होतो. बोटांनीच वाजवायचं, काठीने नाही. पावसाळी हवेत कागद ओल धरून सैल पडेल, आवाज बसेल. चुलीपासून दोन हात लांब थोडा वेळ ठेवला की पुन्हा चढतो. कातड्याचं घुमटही वाजवण्याआधी शेकतात ते याचसाठी, हे नातवाला सांगा.

चार वर्षांचा मुलगा मोठा आवाज आला की कानांवर हात ठेवतो. त्याला अशा खेळांत घ्यावं का?
— एक वडील, सोलापूर

घ्या, पण आवाजाची सूत्रं त्याच्या हातात द्या. स्वतः काढलेल्या आवाजाला मूल सहसा दचकत नाही. गटात असेल तर त्याला बोट ठेवणारा करा, म्हणजे पुढचा आवाज कधी येणार हे त्यालाच ठाऊक असेल. कानावरचे हात ओढून काढू नका. मिरवणुकीत ढोल-ताशाजवळ नेऊ नका. न्यावंच लागलं तर लांब उभं राहा आणि लहान मुलांचे कान झाकणारे इअरमफ लावा, कापसाच्या बोळ्यांनी फारसं काही अडत नाही. मिक्सर किंवा फ्लशसारख्या रोजच्या आवाजांनीही तो घाबरत असेल, किंवा उलट पाठीमागून हाक मारल्यावर वळतच नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून श्रवणतपासणी करून घ्या. त्याला खेळ हा पर्याय नाही.

मुलगी साडेपाच वर्षांची. हे सगळं झालं, आता सा रे ग म कधी सुरू करू? घरचे म्हणतात उशीर होतोय.
— एक आई, छत्रपती संभाजीनगर

दोन गोष्टी पाहा. एक मिनिट न अडखळता चालीबरोबर टाळी धरता येते का? आणि तुम्ही दिलेली दोन सुरांची हाक, समजा ‘ताऽ-ई’, ती तुमच्याच सुरात परत देते का? दोन्हीला होकार असेल तर सुरू करा, वय काहीही असो. नसेल तर सुरांची नावं पाठ होतील, पण सूर लागणार नाहीत, आणि पाठ झालेली नावं पुढे सोडवत बसावी लागतील.

सुरू करताना पट्टी तुमची नको, तिची धरा. बायका बहुधा काळी चार-पाचला गातात. त्यात गाणं मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरलं की मुलीचा गळा तिथे पोचतच नाही, ती तो भाग पुटपुटते आणि ‘बेसूर’ ठरते. या वयाचा सोयीचा टापू मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत. सा पांढरी दोनला ठेवा, पहिले सहा महिने सा ते प एवढ्यातच राहा, ध एखाद्या वेळी. तंबोरा मोबाइलवर चालेल, पण छोटा स्पीकर जोडा आणि आवाज तिच्या गाण्यापेक्षा हलका ठेवा, नाहीतर तिला स्वतःचा सूर ऐकू येत नाही. रोज दहा मिनिटं, जमेल तेव्हा गच्चीवर किंवा अंगणात. उघड्यावर आवाज परत येत नाही, विरून जातो, त्यामुळे मुलं तिथे नकळत जोर लावतात. म्हणून भिंतीला पाठ लावून बसवू नका, भिंतीकडे तोंड करून चार-पाच हातांवर बसवा. तिचा सूर तिच्याकडे परत येईल.